घरचें केंद्र आणि पाहुणी बोली

ग्रंथाचें परीक्षण करणाऱ्यास एक मोठी सोय असते. कांहीं संशय आला कीं मागचें पान उलटून पाहतां येतें. नाटकाच्या परीक्षकासही दुसऱ्या प्रयोगाला जाऊन आपलें मत पारखून घेतां येतें. नभोवाणीच्या परीक्षकाला यांपैकीं कोणतीच सोय नाहीं. शब्द कानावर आला आणि गेला. तो आपण नीट ऐकला कीं नाहीं, याची खात्री करून घेण्याची दुसरी संधि बहुधा मिळत नाहीं. म्हणूनच कीं काय, आपल्या मासिकांतून कादंबरीचीं, काव्याचीं, नाटकांचीं व चित्रपटांचीं परीक्षणें येतात. परंतु जी वस्तु वर्षानुवर्षें चुलीपाशीं, गोठ्यांत आणि शिंप्याच्या दुकानांत बोलत आली, तिचें परीक्षण करावें असें क्वचितच कोणाच्या मनांत येतें. कानाला सवय झालेल्या वस्तूकडे चिकित्सेनें पाहणें अवघड असतें हें खरें. पण जी वस्तु आपल्या भाषेला रोज वळण लावीत असते, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकानें पाठ फिरवावी हें कांहीं बरें नव्हे. प्रस्तुत लेखांत जळगांव व धुळें येथील आकाशवाणी केंद्रांच्या निमित्तानें हा विचार करून पाहण्याचें योजिलें आहे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुण्याचें केंद्र १९५३ सालीं निघालें. जळगांवचें केंद्र निघण्यास १९७६ साल उजाडलें, आणि धुळ्यास एफ्. एम्. केंद्र मिळालें तें त्याच्याही नंतर. म्हणजे मुंबईच्या पहिल्या ध्वनिक्षेपणापासून जवळजवळ पन्नास वर्षें खान्देश हा केवळ श्रोता होता. तो मुंबईचें 'वनिता मंडळ' ऐकत होता. 'प्रपंच' मालिकेंतल्या कुटुंबाचीं सुखदुःखें आपलींच समजून ऐकत होता. १९५५-५६ सालीं पुणें केंद्रानें 'गीतरामायण' देऊन एखादें प्रादेशिक केंद्र काय करूं शकतें हें अवघ्या महाराष्ट्रास दाखवून दिलें, तेंही त्यानें ऐकलें. यांत वाईट कांहींच नव्हतें. चांगलें ऐकण्यानें कान घडतो. पण पन्नास वर्षें ऐकत बसलेल्या माणसास शेवटीं स्वतः कांहीं बोलावेंसें वाटतें. जळगांव केंद्राचें महत्त्व मला या दृष्टीनें वाटतें. तापी-गिरणेच्या खोऱ्यांत मध्यमलहरींवर प्रथमच आपल्या गांवाचें नांव केंद्राचें नांव म्हणून ऐकूं आलें, तेव्हां हा प्रदेश बोलूं लागला, निदान त्याला बोलण्यास जागा मिळाली.

आतां अशा केंद्राची कसोटी कोणती मानावी? १९७८ सालीं बी. जी. व्हर्गीस यांच्या समितीनें नभोवाणी व दूरदर्शन यांच्या स्वायत्ततेविषयीं अहवाल दिला. त्यांत अधिकार आणि निर्मिति हीं दोन्ही दिल्लीच्या हातून खालपर्यंत वांटलीं जावींत यावर भर होता. १९८४ सालीं तामिळनाडूंतील नागरकोइल येथें देशांतलें पहिलें स्थानिक नभोवाणी केंद्र निघालें, तेंही याच विचाराचें फळ होय. या विचाराच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे. मोठें केंद्र लोकांना उद्देशून बोलतें. स्थानिक केंद्रानें लोकांमधून बोललें पाहिजे. म्हणून त्याच्या परीक्षकानें दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हें केंद्र कशाविषयीं बोलतें? आणि दुसरा, तें कोणाच्या तोंडानें बोलतें? पहिल्या प्रश्नाच्या बाबतींत खान्देशच्या केंद्रांना मी मोकळ्या मनानें चांगले गुण देईन. केळी, कपाशी, भरीत, आखाजी, कानबाई, सातपुड्यांतील होळी, यांपैकीं कशाचाही त्यांना विसर पडलेला नाहीं. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या प्रश्नाविषयीं.

प्रथम बातम्यांचा विचार करूं. प्रादेशिक बातमीपत्रें मोठ्या केंद्रांच्या वृत्तविभागांत तयार होतात, आणि त्यांत खान्देश येतो तो बहुधा पूर आला, अपघात झाला किंवा मंत्री आले म्हणजे. हा दोष वृत्तनिवेदकाचा नव्हे. दहा मिनिटांत अख्खा महाराष्ट्र बसवावयाचा म्हटलें कीं प्रत्येक जिल्ह्याच्या वांट्याला त्याचें संकट तेवढें येतें. स्थानिक केंद्राचें खरें काम येथून पुढें सुरू होतें. शिवाय खाजगी एफ्. एम्. केंद्रांना स्वतःचीं बातमीपत्रें देण्याची मुभा नाहीं. आकाशवाणीचींच बातमीपत्रें काय तीं त्यांना जशींच्या तशीं ऐकवितां येतात. तेव्हां जिल्ह्याची बातमी आवाजानें घरोघर पोंचविण्याची जबाबदारी येऊन पडते ती सार्वजनिक केंद्रावरच. शहरी वाचकांना हसूं येईल, पण मला स्थानिक बातमींतलें सर्वांत जिवंत वाङ्मय बाजारभावांत आढळतें. केळीचे भाव सांगतांना नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी असे शब्द ओळीनें येऊं लागले म्हणजे रावेर-यावलच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढें एकेक मळा उभा राहतो. लागवड कोणत्या हंगामांतली, पीक पहिलें कीं खोडव्याचें, माल निवडक कीं परत टाकलेला, हें सारें एकेका शब्दांत सांठवलेलें असतें. हे शब्द कोणा शब्दकोशकारानें दिले नाहींत. ते मळ्यांत आणि लिलावाच्या जागीं तयार झाले. केंद्रानें ते जसेच्या तसे उचलले, त्यांचें 'शुद्धीकरण' केलें नाहीं, आणि म्हणूनच तेथें केंद्र व श्रोता यांच्यांत अंतर राहिलें नाहीं.

शेतीविषयक भाषणांत मात्र हें अंतर लगेच पडतें. बी. टी. कपाशीवर गुलाबी बोंडअळीनें २०१७ सालीं जो घाला घातला, त्याची आठवण खान्देशांत अजून ताजी आहे. अशा वेळीं नभोवाणीवरील तज्ज्ञाच्या एका वाक्यावर कोणाचें वर्ष अवलंबून असतें. आणि हे तज्ज्ञ बोलतात कसे? 'प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आढळून आल्यास शिफारस केलेल्या मात्रेमध्यें फवारणी करावी', या थाटाचें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. यांत चुकीचें कांहीं नाहीं. दोष एवढाच कीं हें वाक्य बोललेलें नसून वाचलेलें आहे. हातांत कागद नसता तर याच गृहस्थांनीं हीच गोष्ट बांधावर उभें राहून चार सोप्या शब्दांत सांगितली असती. नभोवाणीवर छापील भाषा वाचणें म्हणजे पत्र लिहून तें स्वतःच मोठ्यानें वाचून दाखविण्यासारखें आहे.

येथें एका जुन्या प्रयोगाची आठवण देणें उचित होईल. १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें 'रेडिओ ग्रामसभां'चा प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत शेतकऱ्यांचीं मंडळें जमत. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. जगभर या प्रयोगाचें कौतुक झालें. त्यांतील मर्म यंत्रांत नव्हतें. ऐकणाऱ्याला उलट बोलतां येत होतें, तें मर्म होतें. नाशिकपर्यंत आलेला हा प्रयोग त्या वेळीं खान्देशच्या वेशीवर थांबला. पण पुढें दूरध्वनि आला आणि श्रोत्यांशीं थेट संवाद होऊं लागला, तेव्हां तें मर्म वेगळ्या वाटेनें येथें पोंचलें. असा एखादा कार्यक्रम लक्ष देऊन ऐकावा. साक्री तालुक्यांतून कोणी शेतकरी आपल्या बोलींत प्रश्न विचारतो. तज्ज्ञ प्रथम पुस्तकी मराठींत उत्तर देतात. तिकडून पुन्हां प्रश्न येतो, थोडा अधीरपणें. मग दुसऱ्या-तिसऱ्या उत्तराला तज्ज्ञांची भाषा हळूंहळूं सैल होते, 'प्रादुर्भाव' जाऊन 'अयी पडनी' येतें, आणि दोन माणसें एकमेकांशीं बोलूं लागतात. खान्देशच्या नभोवाणीवर मीं ऐकलेले उत्तम क्षण हे असे आहेत. ते कोणी लिहून आणलेले नव्हते.

खाद्यपदार्थांच्या कार्यक्रमांचेंही असेंच आहे. जळगांवच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगांवच्या केळीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून या पदार्थांविषयीं बोलण्याला साहजिकच उत्साह आला आहे. परंतु पाककृति सांगण्याची जी पद्धत आपण एकदां मुंबईहून घेतली, ती सोडावी असें कोणास वाटत नाहीं. 'साहित्य : मध्यम आकाराचीं दोन वांगीं, दोन चमचे तेल' अशी सुरुवात झाली कीं बामणोदच्या माणसाला हंसूं येतें. खान्देशांत भरीत दोन वांग्यांचें होत नाहीं. थंडीच्या दिवसांत मळ्यांत पन्नास माणसें जमतात, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ होतो, हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचा ढीग त्यांत भाजला जातो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांसह तें लांकडी भांड्यांत ठेचलें जातें आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वा पुरीबरोबर पंगत बसते. हें सांगणें ही पाककृति नव्हे, ही एक गोष्ट आहे. आणि जी बाई तें करते ती त्याची गोष्टच सांगते. फुणके, बिबडे, खापरावरची पुरणपोळी, शेवभाजी, यांतल्या कशाविषयींही घरच्या बाईला विचारा. ती चमच्यांचें माप कधीं सांगणार नाहीं. हाताचा अंदाज, विस्तवाचा रंग, पिठाचा ताण आणि सासूनें एकदां काय म्हटलें होतें, हें ती सांगेल. ध्वनिक्षेपणाला पाहिजे असतें तें हेंच. कागदावर पाककृति उत्तम उतरते. पिठाचा ताण आवाजांतच उतरूं शकतो.

संगीताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कानबाईचीं गाणीं रात्र जागविण्यासाठीं असतात. श्रावणांत कानबाई बसते, रोट होतात, बायका रात्रभर गातात आणि दुसऱ्या दिवशीं मिरवणुकीनें विसर्जन होतें. आखाजीचीं गाणीं झोक्याच्या लयीवर चालतात. माहेरीं आलेल्या लेकीचें मन त्यांत असतें. वहीगायनाला गांवाचा चौक लागतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवांतली पावरी तर मोकळ्या रानांत, नाचणाऱ्यांच्या पायांबरोबरच ऐकावी. यांपैकीं कोणतेंही गाणें तीन मिनिटांचें नाहीं. तें ध्वनिमुद्रणगृहांत आलें कीं त्याला आरंभ आणि शेवट चिकटवावा लागतो, तबला-पेटीची साथ दिली जाते, आणि गाणारी व्यक्तिही बहुधा सुरेल शिकलेल्या गळ्याची निवडली जाते. गंमत अशी कीं ज्या नभोवाणीनें १९४० सालीं शास्त्रीय संगीतास मारक म्हणून पेटीला मज्जाव केला आणि तो सुमारें तीस वर्षें चालविला, तिलाच कानबाईच्या गाण्याला पेटी लावतांना कसलाच संकोच झाला नाहीं. शास्त्रीय संगीताची शुद्धता जपण्याची जी काळजी घेतली गेली, तिचा दहावा हिस्सा जरी या गाण्यांच्या वांट्याला आला असता, तरी आज आपणांजवळ निराळें धन असतें. उलट जेव्हां जेव्हां यंत्र गांवांत गेलें आहे, मागें कुत्रीं भुंकत असतां, मुलें रडत असतां, एका बाईचा सूर चुकून दुसरीनें तो सांवरून घेतला असतां मुद्रण झालें आहे, तेव्हां तेव्हां ऐकणाऱ्याला त्या रात्रीचा वास आला आहे. सफाई आणि सत्य यांत निवड करण्याची वेळ आली, तर स्थानिक केंद्रानें सत्य निवडावें.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. खान्देशची बोली ही एक बोली नव्हे. धुळें, साक्री, शिंदखेडें, अमळनेर, चाळीसगांव या पट्ट्यांत अहिराणी आहे. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आहे. सातपुड्यांत व नंदुरबारच्या डोंगरांत भिल्ली आणि पावरी आहेत. बहिणाबाई चौधरींचें नांव निघालें कीं 'अहिराणी कवयित्री' म्हणण्याचा प्रघात आहे. पण आसोद्याची ही लेक जिच्यांत बोलली ती लेवा बोली, अहिराणी नव्हे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडांत खान्देशीची गणना मराठीखालीं न करतां भिल्ल भाषांबरोबर केलेली आहे. हा निर्णय सर्वांस मान्य नाहीं. पण 'घरांत' ऐवजीं 'घरमा', 'माझा' ऐवजीं 'मन्हा', 'आहे' ऐवजीं 'शे' म्हणणाऱ्या, मुलाला 'आंडोर' व मुलीला 'आंडेर' म्हणणाऱ्या या बोलीचें गुजरातीशीं असलेलें नातें कानाला लपत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत सुमारें साडेअठरा लाख लोकांची मातृभाषा खान्देशी म्हणून नोंदली गेली, तीही मराठीहून वेगळी. घरीं अहिराणी बोलून जनगणनेच्या माणसाला 'मराठी' सांगणारे माझ्यासारखे किती असतील तें वेगळेंच.

एवढ्या लोकांची ही बोली त्यांच्या घरच्या केंद्रावर कशी येते? ती येते, नाहीं असें नाहीं. गाण्यांत येते, विनोदी श्रुतिकेंत येते, सणावाराच्या विशेष कार्यक्रमांत येते. परंतु बातमी सांगावयाची झाली, रोगाची माहिती द्यावयाची झाली, एखाद्या पुस्तकाविषयीं बोलावयाचें झालें, कीं ती उठून जाते आणि तिच्या जागीं प्रमाण मराठी येऊन बसते. पाहुणीला आपण चांगल्या पाटावर बसवितों, तिचें कौतुक करतों, तिला गाणें म्हणावयास सांगतों. पण घरांतले व्यवहार तिच्यापुढें बोलत नाहीं. अहिराणीची स्थिति आपल्याच घरच्या केंद्रांत अशी पाहुणीची झाली आहे. सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे ती विनोदासाठीं फार वापरली जाते. ज्या बोलींत आई मुलाला निजविते व म्हातारा शेवटचें पाणी मागतो, त्या बोलींतलें पात्र नभोवाणीवर आलें कीं श्रोते आधींच हसावयास तयार होतात. यांत केंद्राचाच दोष आहे असें नाहीं. आपणां शिकलेल्या लोकांनींच कानांना ही खोड लावली आहे. आकाशवाणीवरून 'जळगांव' आणि 'धुळें' अशीं नांवें स्पष्ट उच्चारांत येतात. ज्यांच्यासाठीं तीं उच्चारलीं जातात ते मात्र 'जयगाव' आणि 'धुये' म्हणतात, आणि केळीला 'केयी'. पण यंत्रापुढें बसलें कीं तेच 'ळ' काळजीनें उच्चारूं लागतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, बोलींत कार्यक्रम केले तर शेजारच्या तालुक्यालाही ते कळणार नाहींत, आणि मुलांचें प्रमाण मराठी बिघडेल. दुसरा असा कीं, आज ज्याच्या त्याच्या हातांत फोन आहे, मध्यमलहरी ऐकतो कोण? पहिल्याचें उत्तर सोपें आहे. मराठी प्रमाणभाषेविरुद्ध माझें कांहींच म्हणणें नाहीं. तिच्याच शिकवणीवर माझें पोट भरलें. परंतु दोन भाषा बोलणाऱ्या मुलाची भाषा बिघडत नाहीं. आपली पहिली भाषा हास्यास्पद आहे असें शिकलेल्या मुलाची मात्र दोन्हींकडून कुचंबणा होते. आणि समजण्याचें म्हणाल, तर ज्यांनीं ५० वर्षें मुंबईची मराठी समजून घेतली, त्यांच्या बोलींतलीं पांच मिनिटें शेजाऱ्यानें समजून घेण्यास हरकत नसावी. वेल्समध्यें बी. बी. सी. ने १९३७ सालीं वेगळा विभाग काढला, त्यामुळें इंग्रजीचें कांहीं बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें १९५४ सालीं डायलन टॉमसची 'अंडर मिल्क वुड' ही श्रुतिका प्रक्षेपित झाली. वेल्समधील एका लहानशा गांवाच्या रात्रीचे व दिवसाचे आवाज एवढाच तिचा विषय. पण ती इंग्रजी वाङ्मयांत कायमची जाऊन बसली. लहान गांवानें आपल्या आवाजांत बोलावें, मग तें दूरवर ऐकूं जातें. दुसऱ्या आक्षेपाविषयीं एवढेंच म्हणेन कीं, मध्यमलहरी ऐकणारे कमी झाले हें खरें. पण आकाशवाणीचीं शेंकडों केंद्रें आतां त्याच फोनवर ऐकूं येतात. सुरत, पुणें येथें पोटासाठीं गेलेला खान्देशी माणूस फोनवर मुंबईचें केंद्र कशाला शोधील? त्याला घरचाच आवाज पाहिजे.

येथवर मीं दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां स्वतःचा एक सांगितला पाहिजे, कारण हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. तीस वर्षांपूर्वीं मी नवखा अध्यापक असतां एका केंद्रानें मला एका वृद्ध बाईंची मुलाखत घेण्यास बोलाविलें होतें. गिरणाकांठच्या एका खेड्यांतल्या त्या बाईंना कानबाईचीं व जात्यावरचीं असंख्य गाणीं येत. मी तयारीनें गेलों होतों. त्या बोलूं लागल्या, आणि मी त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर श्रोत्यांसाठीं अर्थ सांगूं लागलों. 'आंडेर म्हणजे मुलगी', 'आजी असें म्हणतात कीं', असें माझें चालूं होतें. पांच-सात मिनिटांत त्यांच्या लक्षांत आलें कीं आपलें बोलणें या भाऊला पुरेसें होत नाहीं. मग त्या आदरानें, माझ्यासाठीं, त्यांना येईल तसली 'पुस्तकी' भाषा बोलूं लागल्या. वाक्यें आंखूड झालीं. गाण्याची एक ओळ म्हणून त्या थांबल्या. मुद्रण संपल्यावर बाहेर येतांना त्यांनीं मला विचारलें, 'भाऊ, मन्हं काही चुकनं का?'

मी हसून 'छे, छे' म्हणालों आणि विसरून गेलों. कांहीं वर्षांनीं त्यांचा नातू मला शोधीत आला. आजी गेल्या होत्या. त्यांचा आवाज कोठें मिळेल का, असें तो विचारीत होता. मीं चौकशी केली. ती फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला गेला होता. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. फिती महाग असत आणि पुन्हां वापरण्याची रीत सर्वत्र होती, बी. बी. सी. नेंही आपलीं किती तरी ध्वनिमुद्रणें अशींच घालविलीं. पण मी त्या मुलाला काय सांगणार होतों? त्याच्या आजीचें अर्धें बोलणें माझ्या भाषांतराखालीं झांकलें गेलें होतें, आणि उरलेलें अर्धें दुसऱ्या कार्यक्रमाखालीं.

खान्देशला ही चूक शोभत नाहीं, कारण उच्चारलेला शब्द जपावा कसा याचे दोन धडे याच भूमीनें महाराष्ट्राला दिले आहेत. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा दर रविवारीं गीतेवर बोलत. ऐकणारे कैदी होते. समोर ना यंत्र, ना लघुलेखक. साने गुरुजी तेथें बसून लिहीत गेले, म्हणून 'गीताप्रवचनें' आज आपल्या हातीं आहेत. आणि बहिणाबाई? त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरांत-शेतांत राबतांना त्या जें गात, तें मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनीं टिपून ठेवलें. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या, आणि सोपानदेवांनीं आचार्य अत्र्यांना तें बाड दाखविल्यावर १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. ऐकणाऱ्यानें मध्यें न बोलतां लिहून घेतलें, एवढ्यावर हें सारें उभें आहे. सोपानदेव स्वतः कवि होते. आईची भाषा 'सुधारण्याचा' मोह त्यांना झाला असता तर आपणांस कळलेंही नसतें. पण त्यांनीं ती जशीच्या तशी राहूं दिली.

तेव्हां या केंद्रांकडून काय अपेक्षा करावी? माझ्या मागण्या माफक आहेत. रोजच्या कार्यक्रमांत कांहीं मिनिटें तरी बातमी, हवामान किंवा पिकाचा सल्ला बोलींत द्यावा, आणि तो साध्या, गंभीर आवाजांत द्यावा. एक दिवस अहिराणी, एक दिवस लेवा बोली, एक दिवस पावरी असें केलें तरी चालेल. गाणें जेथें गाइलें जातें तेथें जाऊन तें पुरतें मुद्रित करावें. प्रक्षेपणासाठीं तुकडा काढावा, पण अख्खें गाणें टाकून देऊं नये. आणि जें मुद्रित होईल त्याची एक प्रत जिल्ह्यांतच राहावी. दिल्लीच्या संग्रहांत थोर गवयांचे आवाज जपले गेले आहेत, तें योग्यच आहे. गिरणाकांठच्या आजीला दिल्लीचा रस्ता माहीत नसतो. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभें आहे. वि. का. राजवाड्यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून, माळ्यावरचीं दप्तरें उपसून, मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा केलीं, आणि त्यांचा अंत झाला तो याच धुळ्यांत. त्यांच्या काळीं इतिहास कागदावर होता. आज जो इतिहास नष्ट होत आहे तो आवाजांत आहे. त्याच्यासाठीं हिंडणारा कोणी निघाला, तर त्या मंडळांत किंवा जळगांवच्या विद्यापीठांत त्या आवाजांना जागा मिळणें अशक्य नाहीं.

आणि हें सारें केंद्रांवर टाकून आपण मोकळे होऊं नये. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादी आजी, आत्या किंवा मावशी असेल, जिच्या बोलण्याला आपण मुलांसमोर हळूंच दुरुस्त करतों. ध्वनिमुद्रणाचें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. फितीच्या किंमतीची सबब उरलेली नाहीं. एखाद्या दुपारीं तिच्याजवळ बसावें, तिला भरिताविषयीं किंवा आखाजीच्या झोक्याविषयीं विचारावें, यंत्र चालूं करावें आणि स्वतः गप्प राहावें. मला तीस वर्षांपूर्वीं एवढें गप्प राहतां आलें असतें, तर त्या नातवाला रिकाम्या हातानें परत पाठवावें लागलें नसतें.